आजोबा पोट घेऊन ८४ वर्षं जगले, मग दादाची तपासणी कशाला? घरच्यांना काय सांगू?

माणदेशी_लेक: रविवारी सगळे जमणार आहेत, त्याआधी उत्तर हवंय. चुलतभाऊ दिवाळीनंतर हार्टअटॅकने गेला. दादाची अंगकाठीही तशीच. तपासणीचं नाव काढलं की आई आणि काका म्हणतात, "आपली हाडंच जाड. आजोबांना कुठे काय झालं?"

कोयनाकाठ: भाऊ किती वर्षांचा होता? दादाचं वय, उंची, वजन, कंबर, शुगर? काहीच लिहिलं नाहीत.

शेवगा६१: रोज सकाळी जिऱ्याचं पाणी द्या. माझं सहा किलो उतरलं.

कोयनाकाठ: जिऱ्याने शुगर कळत नाही. आधी तपासणी.

निवृत्त_परिचारिका: आजोबांचं पोट कधी सुटलं ते विचारा. पन्नाशीत सुटलेलं पोट आणि शाळेपासून असलेलं पोट सारखं नाही. नातवाच्या हृदयावर तिशीतच वीस वर्षांचा भार साठलेला असतो. माझ्या वॉर्डात आधी साठीतले यायचे, मी निवृत्त होताना पस्तिशीतले येत होते. मृत्यूच्या दाखल्यावर लठ्ठपणा क्वचितच लिहितात, हृदयविकार किंवा मधुमेह लिहितात. मग घरच्यांना तो दिसणार कसा?

नांगरट: जुन्या लोकांचं खाणं घरचं होतं. सगळा दोष पामतेलाचा.

माणदेशी_लेक: चुलतभाऊ ४१ चा होता. दादा ३८, १७० सेंमी, ७६ किलो, कंबर १०१. उंची-वजनाच्या तक्त्यात थोडंसंच जास्त दिसतं ना? शुगर कधी बघितलीच नाही.

कोयनाकाठ: थोडंसं नाही. भारतीयांसाठी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ पासून जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा. दादाचा २६.३ येतो. पुरुषाची कंबर ९० च्या आत हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली. बीएमआय दोघांचाही २२.३, पण चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. म्हणजे तेवढ्याच बीएमआयला भारतीयाच्या अंगात चरबी जास्त असू शकते.

नांगरट: मग आजोबाही भारतीयच होते की!

निवृत्त_परिचारिका: ते दिवसभर काय करायचे? आणि त्यांचे भाऊ किती जगले? जो जगला त्याचंच उदाहरण घरात देतात.

शेवगा६१: दादाचा विमा काढलाय का?

माणदेशी_लेक: आत्ताच आत्याला फोन केला. आजोबा पंचावन्नपर्यंत औतामागे होते, पोट त्यानंतरचं. धाकटे आजोबा किराणा दुकानात बसायचे, ते ५२ व्या वर्षी गेले. साखर होती म्हणे. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! रविवारी आत्यालाच बोलवते. सोमवारी उपाशीपोटी शुगर, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी) एवढं पुरे का?

निवृत्त_परिचारिका: बीपी आणि ईसीजीही. भाऊ ४१ व्या वर्षी गेला, हे डॉक्टरांना आधी सांगा.