जुना लॅपटॉप: दुरुस्त केलात की बदललात?

घरातला लॅपटॉप चालू व्हायला इतका वेळ लावतो की तोवर माणूस दुसरं काम उरकून येतो. डावीकडची बिजागरीही उचकटलीय. दुरुस्तीचं नाव काढलं की घरचे म्हणतात, थोडी भर घालून स्वस्तातला नवाच घे. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. म्हणून हा धागा. काय बिघडलं होतं, काय केलंत आणि नंतर मशीन कसं चाललं, ते लिहा. सल्ल्यांपेक्षा अनुभव हवेत.

*

आधी आत फिरती हार्ड डिस्क आहे का ते बघा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत 100 टक्के कामात दिसत असेल तर बहुतेक दुखणं तिथेच. माझ्यात 5400 आरपीएमची (मिनिटाला तितके फेरे घेणारी) डिस्क होती. ती काढून त्याच जागी, त्याच साटा जोडणीवर 2.5 इंची एसएसडी बसवली, म्हणजे फिरता भाग नसलेली, चिपवरची वेगवान साठवण. त्याआधी एसएसडी यूएसबी केबलने जोडून सगळं क्लोन करून (जसंच्या तसं उतरवून) घेतलं, त्यामुळे विंडोज नव्याने टाकावं लागलं नाही. प्रोसेसर तोच, रॅम तीच, तरी लॅपटॉप ओळखू येईना! जुनी डिस्क केसमध्ये घालून बॅकअपला वापरतेय.

*

रॅम वाढवणार असाल तर तुमची डीडीआर3 प्रकारची की डीडीआर4 ते आधी पाहा. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. पातळ मॉडेलांत बऱ्याचदा रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची डाग देऊन बसवलेली असते. तिथे विषय संपला.

*

स्वस्तातल्या नव्याबद्दल मी लिहितो. वडिलांचा जुना आय5वाला लॅपटॉप हळू झाला म्हणून भावाने हौसेने नवाकोरा आणून दिला. दिसायला देखणा, वजनाला हलका. आत सेलेरॉन हा इंटेलचा खालच्या श्रेणीतला प्रोसेसर, 4 जीबी सोल्डर केलेली रॅम आणि 64 जीबी ईएमएमसी. ही ईएमएमसी म्हणजे बोर्डवरच चिकटवलेली साठवण, काढून मोठी घालायची सोय नाही. विंडोज आणि दोन-चार प्रोग्रॅम यांनीच ती भरत आली, आणि प्रत्येक मोठ्या अपडेटला जागा कमी पडते म्हणून रडगाणं सुरू. पडदा असा की जरा तिरकं बसलं की रंग पांढुरके. शेवटी जुन्यालाच एसएसडी घातली आणि वडील पुन्हा त्याच्यावर बसू लागले. नवा लॅपटॉप आता ‘पाहुण्यांसाठी’ आहे. ‘नवा’ हा शब्द ऐकून भुलू नका, आतले भाग जुन्याशी ताडून पाहा.

*

पहिल्या प्रतिसादाप्रमाणे पाहिलं, डिस्क खरंच 100 टक्के दाखवतेय. पण बिजागरीचं काय?

*

बिजागरी आधी करा, एसएसडी नंतर. बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या पितळी नटांत बसतात. बिजागरी घट्ट झाली की प्रत्येक उघडझापीला ताण त्या प्लास्टिकवर येतो आणि ते फुटतं. तसंच वापरत राहिलात तर पडद्याची केबल किंवा पडदाच जाईल, मग हिशोब पार बदलतो. मी नट जागेवर ठेवून दोन भागांचं इपॉक्सी भरलं, रात्रभर वाळू दिलं आणि बिजागरीचा आवळ थोडा सैल केला. दिसायला ओबडधोबड आहे, पण धरून आहे.

*

माझ्या लॅपटॉपमध्ये बिघाड असा काहीच नव्हता. इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर, आणि विंडोज 11ला चालणाऱ्या इंटेल प्रोसेसरांची अधिकृत यादी मुख्यतः आठव्या पिढीपासून पुढे. विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. चांगलं चालणारं मशीन टाकायचं जिवावर आलं, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. ब्राउझर, मेल, लिहिणं, प्रिंटर, सगळं चालतं. बायकोचं हिशोबाचं सॉफ्टवेअर मात्र फक्त विंडोजवरच चालतं. तिच्यासाठी कार्यालयीन वापरातून निघालेला रिफर्बिश्ड (तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकलेला) लॅपटॉप घेतला. जाडजूड आहे, पण रॅम आणि एसएसडी दोन्ही बदलता येतात. स्वस्तातल्या नव्यापेक्षा मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो. घेताना बॅटरी मात्र तपासा. विंडोजमध्ये पॉवरसीएफजी या कमांडने बॅटरी रिपोर्ट निघतो. त्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्जिंगला भरणारी क्षमता दोन्ही दिसतात.

*

बॅटरीवरून आठवलं. टचपॅड नीट दाबला जात नसेल किंवा वर आल्यासारखा वाटत असेल तर खालची बॅटरी फुगलेली असू शकते. आमच्याकडे तेच झालं. चार्जिंग लगेच बंद केलं आणि जाणकाराकडून बॅटरी बदलून घेतली. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका; ई-कचऱ्यातच द्या.

*

सगळेच दुरुस्तीच्या बाजूने बोलताहेत, म्हणून दुसरी बाजू. माझ्या लॅपटॉपवर पाणी सांडलं. दुरुस्तीवाल्याने बोर्डवरची एक चिप बदलली, थोडे दिवस चाललं, मग दुसरंच काहीतरी गेलं. ओलावा बोर्डवर पसरला की गंज आतल्या आत पसरत राहतो. दुसऱ्यांदा पैसे घातले नाहीत, नवा घेतला. एसएसडी एम.2 प्रकारची (छोट्या पट्टीसारखी), सुटी होती म्हणून डेटा वाचला. पण दुसऱ्या मशीनला जोडल्यावर तिने बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की मागितली. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडली. तुमची की कुठे आहे ते लॅपटॉप चालू आहे तोवरच बघून घ्या.