मदत हवी आहे : सर्वेक्षकानुसार उत्तरं बदलताहेत

यवतमाळ जिल्ह्यातल्या ८ गावांत सावकारी कर्ज आणि शौचालयाच्या वापरावर घरोघरी सर्वेक्षण चाललंय. सर्वेक्षक ४, प्रत्येकाकडे २ गावं आणि दोन्ही मिळून ६० मुलाखती.

अडचण अशी : तालुक्याहून आलेल्या, गळ्यात ओळखपत्र असलेल्या पोराला सगळेच "शौचालय वापरतो" सांगतात. तो सरकारी माणूस वाटतो, योजनेच्या यादीतून नाव कटेल ही भीती. गावातल्याच ताईंना शौचालयाचं खरं सांगतात, पण सावकाराचा विषय निघाला की गप्प! सावकार तिथलाच ना.

प्रश्न शब्दशः वाचायला लावले, ओळखपत्र खिशात ठेवायला सांगितलं. सावकाराच्या प्रश्नाला उत्तर चिठ्ठीवर लिहून टाकायला डबा ठेवला. म्हाताऱ्यांना लिहिता येत नाही, तिथे हा उपाय अडला. फॉर्म सर्वेक्षक मोबाइलवरच भरतात, म्हणून वेळ आणि जागा नोंदलेली आहे. बनावट फॉर्मची शंका नाही.

एकाच सर्वेक्षकाने घेतलेल्या ६० उत्तरांमधला आपसातला सहसंबंध फक्त ०.०२ धरला, तरी अंदाजाचं विचरण (variance) १ + ५९ × ०.०२ = २.१८ पट होतं. म्हणजे २४० मुलाखतींची किंमत ११० स्वतंत्र मुलाखतींएवढीच. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांसारखे नमुन्याचे भाग पाडून सर्वेक्षकांना चिठ्ठ्या टाकून वाटायला हवे होते, हे आता कळतंय.

पुन्हा सगळं करणं शक्य नाही. कापूस वेचणी सुरू आहे, माणसं वावरातून अंधार पडल्यावरच परततात. फार तर ४० घरं पुन्हा होतील.

ही ४० घरं कशी निवडू आणि कोणाला पाठवू, म्हणजे फरक गावाचा की विचारणाऱ्याचा हे वेगळं काढता येईल?