कापूर उडतो, खोबरेल तसंच राहतं, असं काहून?

मानेवाडा_आई: मुलगी अकरावी सायन्सला आहे. काल देवघरातली डबी उघडली तर झाकण ढिलं राहिल्यानं अर्धा कापूर गायब, बाजूच्या वाटीतलं खोबरेल मात्र तेवढंच. ती म्हणे आई ही बाष्पनशीलता, म्हणजे वाफ होऊन उडून जायचा गुण, मी म्हटलं ४५ अंशातही कापूर काही उकळत नाही मग उडतो कसा, तर तिलाही सांगता येईना. कोणी सांगेल का, आणि याचा उपयोग कुठं होतो?

लॅबवाले_काका: ताई, पोरीनं शब्द बरोबर वापरला. उकळणं वेगळं, उडणं वेगळं. उकळताना अख्ख्या द्रवात बुडबुडे येतात, उडायला वरच्या थरातले रेणू सुटले तरी पुरतं आणि ते कमी तापमानालाही सुटतच असतात, फक्त एकमेकांची पकड जेवढी ढिली तेवढे जास्त. कापराची पकड ढिली म्हणून तो घनातून सरळ वाफ होतो, खोबरेलाचे रेणू लांबलचक आणि जड, ते जागचे हलत नाहीत. हातावर स्पिरिट लावून पाहा, उडताना कातडीची उष्णता घेऊन जातं म्हणून गार वाटतं, आपल्या कूलरचंही तेच. ईथर नावाचं लॅबमधलं द्रव तर ३५ अंशालाच उकळतं, मे महिन्यात बाटली आधी गार केल्याशिवाय मी झाकणाला हात लावत नव्हतो.

साल_तेलवाला: माझं कामच यावर चालतं जी. संत्र्याच्या सालीच्या तेलात बहुतेक लिमोनिन नावाचं वासाचं रसायन असतं, ते १७६ अंशाला उकळतं, पण तेवढं तापवलं तर वास बिघडतो. म्हणून सालीत वाफ सोडतो, तेल आणि पाणी मिसळत नाही तर दोघांच्या वाफेच्या दाबाची बेरीज होते, ती बाहेरच्या हवेच्या दाबाएवढी झाली की उकळी येते, आणि १०० च्या आतच तेल वाफेसोबत निघून येतं. खालच्या भांड्यात पाण्यावर तेलाचा पातळ थर जमून राहिला की अख्खी खोली संत्र्यानं भरते. अत्तरात चंदनाचं तेल घालतात तेही यासाठीच, ते सावकाश उडतं म्हणून वास टिकतो.

रंगकाम_नागपूर: थिनरचं पण सांगतो. उन्हाळ्यात भरभर उडणारा थिनर वापरला तर रंग वरून सुकतो आणि आतला थिनर बाहेर पडताना फोड येतात, म्हणून हळू उडणारा घ्यावा लागते. आणि याची वाफ हवेपेक्षा जड, खाली जमिनीवर पसरते. एकदा बंद खोलीत काम करून राहिलो होतो, बाजूच्या खोलीत खाली समई चालू होती, भडकाच झाला, हाताचे केस जळाले. खिडक्या उघडा आणि दिवा विझवा, एवढं ऐकाच.

मानेवाडा_आई: बाप रे, सांभाळून राहा भाऊ. काका, डबीत मिरे टाकले की कापूर उडत नाही म्हणतात, खरं का?

लॅबवाले_काका: मिऱ्यांपेक्षा झाकण घट्ट लावा. डबीतली हवा कापराच्या वाफेनं भरली की जेवढे रेणू सुटतात तेवढेच परत वडीवर बसतात, मग वडी झिजत नाही. डबी मात्र लहान घ्या, रिकामी जागा जितकी कमी तितका कमी कापूर उडतो.