ती ओरडली का नाही?

मोगरा_राजारामपुरी
काल जेवणं आटोपल्यावर एलिझाबेथ स्मार्टवरचा टीव्ही सिनेमा बघितला, 2017 चा. ती स्वतःच मधेमधे येऊन बोलते तो. 2002 च्या जूनमध्ये, चौदा वर्षांची असताना, अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीत तिच्याच खोलीतून एकानं चाकूच्या धाकानं नेलं. नऊ महिने. सुरुवातीला तर घरामागच्याच डोंगरात, झाडाला तारेनं बांधून. शोधायला आलेल्यांच्या हाका तिला ऐकू येत होत्या.

पुढं लायब्ररीतला प्रसंग येतो. तोंडावर फडकं बांधलेली ती बसलीय, पोलीस समोर उभा राहून म्हणतोय, हिचा चेहरा दाखवा. तो बाप्या म्हणतो, आमच्या धर्मात चालत नाही. पोलीस निघून जातो. सासूबाई सोफ्यावरनं ओरडल्या, "अगं ओरड की! तोंड शिवलंय का तुझं?"

हेच वाक्य मी आधी ऐकलंय.

1994 ची नवरात्र, मी सहा वर्षांची. कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळातनं महाद्वाराकडनं बाहेर पडलो, आई चपला शोधत होती आणि माझा हात सुटला. हिरव्या लुगड्यातली एक बाई आली, "चल, तुझी आई तिकडं हाय" म्हणाली, हातावर राजगिऱ्याचा लाडू ठेवला. मी चालायला लागले. ओढलं नाही, दटावलं नाही. लाडू खाल्लापण नाही, मुठीत घाम येऊन त्याचा चिकट गोळा झाला होता तेवढा आठवतोय. आई उलट्या बाजूला आहे हे मला कळत होतं. तरी चालत राहिले, कारण मोठ्या बायकांना नाही म्हणायचं नसतं.

बिनखांबी गणपतीपाशी आमची नेहमीची फुलवाली बसायची. तिनं बघितलं. "अगं ए, ही कुणासंगं निघालीस?" एवढंच. हात सुटला, बाई गर्दीत गेली. आईनं येऊन आधी मुस्काटात दिली, मग पोटाशी धरलं. "तोंड शिवलं होतं का तुझं?"

दोन वर्षांनी पोरं पळवून मारणाऱ्या अंजनाबाई गावित आणि तिच्या मुलींची बातमी आली. तीच बाई होती असं मी अजिबात म्हणत नाही. आईनंपण कधी म्हटलं नाही. पेपर मात्र तिनं घडी घालून गव्हाच्या डब्याखाली सरकवला, मला वाचू दिला नाही.

कुणाला असं काही आठवतंय का? लिहा.

तांबडा_पांढरा
बाप रे. काटा आला अंगावर. आमच्या पिढीला "गावितीण येईल" म्हणूनच झोपवलंय लगा. त्याआधी बागुलबुवा असायचा म्हणे.

जोतिबाच्या_नावानं
माझं जरा इनोदी हाय, चालंल का? चैत्र यात्रा, वय आठ. सगळी दुनिया गुलालानं गुलाबी. आबांचं धोतर समजून भलत्याचंच धोतर धरलं आणि सासनकाठीच्या मागनं यमाईपर्यंत गेलो. तो गडी वळला, "कोण रं तू?" मी म्हटलं, "तुमी कोण?" दोघंबी गुलाबी. आबांनी मला आवाजावरनं वळखलं, त्वांडावरनं न्हाई.

मोगरा_राजारामपुरी
जोतिबाच्या नावानं, सासूबाईंना वाचून दाखवलं, हसून हसून ठसका लागला.

दुपारची_झोप
मला त्या सिनेमात एलिझाबेथची धाकटी बहीण लक्षात राहिली. नऊ वर्षांची, त्याच खोलीत. झोपेचं सोंग घेऊन पडून राहिली आणि त्या पळवणाऱ्याचा आवाज कुठंतरी ऐकलाय एवढंच तिला वाटत होतं. चार महिन्यांनी अचानक आठवलं, घरी छपराचं काम करायला आलेला माणूस, स्वतःला इमॅन्युएल म्हणवणारा. आमच्याकडं चोर आले तेव्हा मी अशीच डोळे मिटून पडले होते. कपाट उघडल्याचा आवाज, मग पितळी डब्याचा. भाऊ अजून चिडवतो, घोरायचं नाटकपण केलंस म्हणून. केलं होतं.

सुलूमावशी
कुठल्या चॅनलला लागतोय हा? आमच्या केबलवाल्याकडं दिसत नाही. नातीला दाखवावा का? बारावं सरलंय तिला.

दुपारची_झोप
मावशी, आधी तुम्ही एकट्या बघा. त्यानं तिच्यावर काय केलं ते उघडं नाही दाखवलेलं, पण कळतं. मग ठरवा.

कंडक्टर_निवृत्त
एस.टी.त एकतीस वर्षं काढली. रत्नागिरी गाडीला एकदा दहा-अकराची पोरगी, शेजारी बाप्या. तिकीट फाडताना विचारलं, "कोण गं हे तुझे?" पोरीनं आधी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि मग म्हणाली, "मामा." ते आधी बघणं मला खटकलं. मलकापूर स्टँडला गाडी लावली, कंट्रोलरला सांगितलं, फोनाफोनी झाली. मामाच निघाला, सख्खा. पंचवीस मिनिटं गाडी लेट, पॅसेंजरनी माझा उद्धार केला, मामानं तर आईबहिणीवरनं. त्या लायब्ररीतल्या पोलिसाला माघारी जाताना बघितलं आणि त्या शिव्या गोड लागल्या बघा.

तांबडा_पांढरा
काका, एक नंबर 🙏

काळा_कोट
गावित प्रकरणाबद्दल लोक काहीही सांगतात म्हणून लिहितो. त्या लहान मुलं पळवायच्या आणि गर्दीत पाकिटं, दागिने मारताना मुलांची ढाल करायच्या. पकडल्या 1996 ला. आई खटला उभा राहण्याआधीच वारली. दोघी बहिणींना 2001 ला इथल्याच सत्र न्यायालयानं फाशीची शिक्षा सुनावली, 2006 ला सुप्रीम कोर्टानं कायम केली, 2014 ला दयेचा अर्ज फेटाळला. 2022 च्या जानेवारीत मुंबई हायकोर्टानं जन्मठेप केली, कारण दयेच्या अर्जावर सरकारनं घातलेला वेळ. यावर मत विचारू नका, घरात दोन तट आहेत.

मिसळ_कटवाली
"पळाली का नाही" विचारणाऱ्यांना मी नेहमी स्टीव्हन स्टेनरचं सांगते. कॅलिफोर्नियातला पोरगा, 1972 ला सात वर्षांचा असताना पळवला. सात वर्षं त्या माणसाला बाप म्हणत राहिला, शाळेतपण जायचा. स्वतःसाठी नाही पळाला. 1980 ला त्या माणसानं पाच वर्षांचं दुसरं पोरगं आणलं, तेव्हा त्याला घेऊन निघाला आणि पोलीस स्टेशनला गेला. त्याच्यावर 1989 ला टीव्हीवर दोन भागांत आलं होतं. त्याच वर्षी मोटरसायकलच्या अपघातात गेला बिचारा.

एलिझाबेथलापण पोलिसांनी रस्त्यात गाठून नाव विचारलं तेव्हा ती आधी नाहीच म्हणाली होती. पळालीस तर घरच्यांना मारीन, हे नऊ महिने ऐकलेलं. आपण सोफ्यावर.

सुलूमावशी
मोगरा, ती फुलवाली म्हणजे नाकात मोठी चमकी आणि सुटे पैसे पानाच्या डब्यात ठेवणारी का गं? आमचा गजरा तिच्याकडचाच असायचा. दवणा घालायची मधे.

मोगरा_राजारामपुरी
हो मावशी, तीच! पानाचा डबा!! आता तिची सून बसते, डबा तोच आहे.

जोतिबाच्या_नावानं
दवण्याचा गजरा आता कुटं मिळतोय. सगळं बेंगलोरी फूल.

गंगावेस_तालीम
मुलगा होतो म्हणून कुणी विचारलं नाही. तालमीबाहेर एक जण रोज दूध पाजायचा. बाकी नाही लिहीत. ओरडलो नव्हतो.

मिसळ_कटवाली
भावा, नको लिहू. वाचलं आम्ही.

कंडक्टर_निवृत्त
पोरा, मी रोज सकाळी सहाला रंकाळ्यावर असतो, पदपथाच्या बाकावर. बोलायचं नसलं तरी ये.

मोगरा_राजारामपुरी
आज आईला फोन करून विचारलं. मुस्काटात मारलेलं तिला आठवतच नाही, "मी? छे" म्हणाली. हिरवं लुगडंपण नाही, लाडूपण नाही. मग थोडा वेळ गप्प होती आणि म्हणाली, पिवळा फ्रॉक, डाव्या खांद्यावरचं बटण तुटलेलं, पायात एकच पैंजण. देवळातल्या माईकवरून सांगायला लावायचं म्हणून चपलांपाशी उभी राहून पाठ करत होती. दुसरा पैंजण कुठं पडला ते अजून मला विचारतेय.