पावसाळ्यात कपडे वाळवायला काय घ्यावं: डीह्युमिडिफायर की एसीचा ड्राय मोड?

ओली_दांडी
मंडळी, मुलुंडला वन बीएचके, गॅलरी आत घेतलेली, त्यामुळे दांड्या हॉलमध्येच. जुलै लागला की स्पिन केलेले कपडेसुद्धा दोन-दोन दिवस वाळत नाहीत, जीन्सच्या कमरेला कुबट वास. रात्रभर दारं-खिडक्या लावून पंखा पाचवर असतो, तरी सकाळी टॉवेल गारच. सासूबाई म्हणतात खिडकी उघड, नवरा म्हणतो एसी ड्राय मोडवर लाव, मैत्रीण म्हणते हवेतला दमटपणा ओढून घेणारं यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर घे. कोणाचं ऐकू?

कट्ट्यावरचा
तूर्तास सासूबाईंचं. हिशेब बघा. ३० अंशाला एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते. पावसात आर्द्रता ८५ टक्के धरली तर पंचवीस-सव्वीस ग्रॅम आधीच भरलेली. १० बाय १२ची खोली साधारण ३० घनमीटरची, म्हणजे शिल्लक जागा १४० ग्रॅमच्या आसपास. एका धुण्यात स्पिननंतरही लिटर-दोन लिटर पाणी सहज असतं. वाटीभर उडालं की खेळ खलास. पुढे पंखा तीच दमट हवा घोळवत बसतो.

माटुंगा_लोकल
+१. मास्तर मोड ऑन: आत हवा नसती तरी तेवढीच वाफ मावली असती. ठरवतं ते तापमान. पाण्याचा संपृक्त बाष्पदाब (मावेल तेवढी वाफ भरली की तिचा होणारा दाब) २० अंशाला १७.५ मिमी पारा, ३०ला ३१.८, ४०ला ५५.३. दर दहा अंशांना जवळजवळ दुप्पट होतो.

कपडे वाळण्याचा वेग ठरतो तो कपड्यावरचा बाष्पदाब आणि खोलीतल्या वाफेचा दाब यांच्या फरकावर. ३० अंश, ८५ टक्के: फरक पाचच्याही आत. एसीने २४ अंश, ५५ टक्के केलं तर दहा. डीह्युमिडिफायरने ३२ अंश, ५५ टक्के केलं तर सोळा. एसी पाणी काढतो, पण कपडेही थंड करतो आणि उष्णता बाहेर फेकतो. डीह्युमिडिफायरमध्ये वाफेचं पाणी होताना सुटलेला अप्रकट उष्मा (पाण्याची वाफ होताना तिने घेतलेली उष्णता) खोलीतच राहतो. माणसाला उकडतं, कपड्यांना फायदा.

चहा_कटिंग
पण पाण्याची वाफ १०० अंशाला होते ना?

माटुंगा_लोकल
ते उकळणं. बाष्पदाब बाहेरच्या दाबाएवढा, समुद्रसपाटीला ७६० मिमी, झाला की पाणी आतूनही बुडबुडतं. माथेरानला हवेचा दाब कमी, तिथे ९७च्या आसपासच उकळतं. पृष्ठभागावरून वाफ मात्र कुठल्याही तापमानाला निघते आणि लागणारी उष्णता कपड्यातूनच घेते. टॉवेल गार लागतो तो म्हणूनच.

ओली_दांडी
मग डीह्युमिडिफायर. कुठला बघू?

कट्ट्यावरचा
कॉम्प्रेसरवाला, म्हणजे फ्रिजसारखा चालणारा. टेबलावर मावणारे स्वस्त पेल्टिएरवाले (विजेने थंड होणाऱ्या छोट्या चकतीचे) दिवसाला जेमतेम पेलाभर-दोन पेले पाणी काढतात, कपाटापुरते ठीक. डेसिकंटवाले (ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारे) थंड प्रदेशात भारी, आपल्या हवेत वीज खातात. खोक्यावर 'दिवसाला इतके लिटर' लिहिलेलं असतं, तो आकडा बहुधा ३० अंश आणि ८० टक्क्यांचा असतो, त्यामुळे मुंबईत बऱ्यापैकी खरा ठरतो. एका खोलीला बारा लिटरचं पुरे. खिडकी घट्ट बंद करा, नाहीतर अख्ख्या मुलुंडचं पाणी काढत बसेल. पंखा मात्र चालू ठेवा, आता तो कामाचा.

ओली_दांडी
टाकीतलं पाणी इस्त्रीत चालेल का?

कट्ट्यावरचा
नको, त्यात खोलीतली धूळ आणि कॉइलवरची घाण उतरते. लादी पुसायला वापरा.