नवा मीटर पळतो, की जुना लंगडत होता?

मिरजेची_मोगरा

आईच्या घरचा मीटर मार्च २०२५ मध्ये बदलला. आई एकटी राहते, दुपारची पडली होती. दोन पोरं आली, जिन्याखालचा जुना मीटर काढला, नवा बसवला, कागदावर सही घेतली आणि गेली. सही कशावर केली हे आईला आजही सांगता येत नाही. फेब्रुवारीत ९२ युनिट होते, मे महिन्यात ११८. बिल पावणेआठशेवरून हजाराच्या वर.

शेजारचे काका म्हणतात, "स्मार्ट मीटर आहे, आपलं रीडिंग आपणच कंपनीला पाठवणारा. पळणारच." माझा भाऊ म्हणतो हे सगळं अडाणीपणाचं आहे, विज्ञान शिकलेल्यांनी असलं बोलू नये. भावाने विज्ञान शिकलंय हे खरं, पण बिल तो भरत नाही, मी भरते.

म्हणून इथे विचारते. मीटर खरंच पळतो का? आणि नको असेल तर नको म्हणता येतं का?

पेटीफ्यूज

ताई, २२ वर्षं वायरिंगची कामं करतोय. माझं म्हणणं सरळ आहे. जुना मीटर लंगडत होता.

चकतीच्या मीटरमध्ये चकती फिरायला थोडा तरी जोर लागतो. एक चार्जर, राउटर, टीव्हीचा लाल दिवा एवढाच लोड असला तर चकती जागची हलत नाही. जुना झाला की बेअरिंग घासतं, आणखी मंद. आणि लोकांचे उद्योग सांगू का? एक्सरेची फिल्म कापून काचेच्या फटीतून आत सरकवायची, चकती जाम. लोहचुंबक लावायचा. आता ते जमत नाही, मग म्हणायचं मीटर पळतो.

मिरजेची_मोगरा

आईने फिल्म घातली नव्हती हो. ती एक्सरे काढायलाही नाही म्हणते.

निळे_पाकीट

पेटीफ्यूज, चकतीचं ठीक, पण हा मुद्दा इथे लागूच होत नाही. मोगराताई, जुन्या मीटरवर फिरणारी चकती होती की लुकलुकणारा लाल दिवा?

मिरजेची_मोगरा

दिवा होता. आकडे हिरवट पडद्यावर यायचे.

निळे_पाकीट

मग झालं. तो इलेक्ट्रॉनिक मीटर होता. राज्यातल्या शहरांत चकतीचे मीटर कधीच निघाले, तरी दर वेळी तीच गोष्ट सांगून माणसाला गप्प केलं जातं. इलेक्ट्रॉनिकच्या जागी इलेक्ट्रॉनिकच आला असेल, तर "जुना लंगडत होता" हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल.

आणि 'इलेक्ट्रॉनिक म्हणजे अचूक' हीसुद्धा एक श्रद्धाच. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाच्या संशोधकांनी ९ इलेक्ट्रॉनिक मीटर तपासले, अभ्यास २०१७ मध्ये गाजला. ९ पैकी ५ मीटरांनी खऱ्यापेक्षा जास्त वापर दाखवला, सर्वांत वाईट आकडा ५८२ टक्क्यांचा. त्यामुळे भावाला म्हणावं, शंका घेणं हेही विज्ञानच आहे.

ओहमकार

५८२ हा आकडा पूर्ण गोष्टीसकट सांगा की. तो प्रयोगशाळेत, डिमर (दिवा मंद करायचं बटण) आणि ऊर्जाबचतीचे दिवे एकत्र लावून, करंटची लहर पार वेडीवाकडी करून आलेला आहे. जास्त दाखवणाऱ्या मीटरांत करंट मोजायला रोगोव्स्की कॉइल होती. सगळ्या मीटरांत ती नसते. आपल्याकडे स्मार्ट मीटरसाठी आयएस १६४४४ हे मानक आहे आणि घरगुती मीटरला साधारण एक टक्क्याची चूक चालते. आता ९२ चे ११८ म्हणजे २८ टक्के. एवढा फरक मीटरच्या स्वभावातून येत नाही. एक तर मीटर बिघडलेला आहे, नाही तर वापर वाढलाय.

ताई, फेब्रुवारीशी मे कसा जोडता? मिरजेचा मे! पंखा रात्रंदिवस फिरत असणार, फ्रिज धापा टाकत असणार. बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचे खांब छापलेले असतात. गेल्या वर्षीचा मे बघा.

मिरजेची_मोगरा

बघितलं. गेल्या मे मध्ये १०९.

भावाला सांगणार नाहीये.

ओहमकार

म्हणजे वाढ ९ युनिटची, २६ ची नाही. आणि बिल जास्त टोचतं ते स्लॅबमुळे. १०० युनिटच्या पुढच्या युनिटचा वीज आकार पहिल्या शंभरापेक्षा दुपटीहून जास्त आहे. फेब्रुवारीत आई शंभराच्या आत होत्या, मे मध्ये बाहेर. वरची १८ युनिटं महागात पडली. म्हणून युनिट २८ टक्क्यांनी वाढली तर बिल ३८ टक्क्यांनी.

वऱ्हाडी_ठेचा

वा! हिशेब झाला, मीटर निर्दोष सुटला, आता घरी जा. असंच होते दर वेळी. मूळ प्रश्नाचा दुसरा भाग कोणी वाचलाच नाही : नको म्हणता येतं का?

जरा आठवा. ४ जून २०२४ ला लोकसभेचे निकाल लागले. त्याच महिन्यात ऊर्जा खातं सांभाळणाऱ्या फडणवीसांनी जाहीर केलं की सर्वसामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही. नोव्हेंबरात विधानसभा झाली. मग तेच मीटर टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेप्रमाणे दर) या नावाने दारात हजर. बारसं नवं, बाळ तेच.

आणि पैसा बघा. वीजवितरण सुधारायच्या केंद्राच्या आरडीएसएस योजनेतून मीटरमागं अनुदान किती, तर साधारण ९०० रुपये. राज्यात सव्वादोन कोटी मीटरांचं काम चार खासगी कंपन्यांना वाटलेलं आहे, खर्च अंदाजे २७ हजार कोटी. भागाकार करा, मीटरमागं १२ हजार पडते. ग्राहकाकडून मीटरचे पैसे घेणार नाही म्हणतात. मग उरलेले ११ हजार कोण देणार? आज नाही तर उद्या वीजदरातून तुम्हीच.

ओहमकार

जाहीर केलं होतं ते 'प्रीपेड' बद्दल. आत्ताचे मीटर पोस्टपेड आहेत, महिना संपल्यावर बिल येतं. शब्द मोडला असं म्हणता येत नाही.

१२ हजार ही नुसत्या डब्याची किंमत नव्हे. त्यात सिमकार्ड, सर्व्हर, बिघडला तर बदलून देणं, पुढची अनेक वर्षं सांभाळणं हे सगळं धरलेलं आहे. आणि वीजचोरीचा बोजा आज प्रामाणिक ग्राहकच उचलतोय ना? ती कमी झाली तर खर्च भरून निघेल.

वऱ्हाडी_ठेचा

शब्द मोडला नाही, फक्त वाकवला. मीटर तोच आहे, दूरवरून एक आज्ञा गेली की पोस्टपेडचा प्रीपेड होतो. हे खोटं असेल तर सांगा.

आणि 'चोरी कमी झाली तर'. तर! जिथं आकडा टाकतात तिथं मीटरच्या आधीच तारेवर टाकतात. घरातला मीटर किती का हुशार असेना, त्याच्या मागून गेलेली वीज त्याला दिसणार कशी?

पेटीफ्यूज

ट्रान्सफॉर्मरवर पण मीटर बसवतायत दादा. ट्रान्सफॉर्मरमधून गेली किती आणि घरांत मोजली किती, फरक लगेच कळतो. कोणत्या गल्लीत आकडे आहेत ते ऑफिसात बसून दिसतं.

पण दिसलं म्हणून जाऊन काढणार कोण, हे मला विचारू नका. आकडे काढायला गेलेल्या वायरमनला लोकांनी पळवून लावलेलं मी स्वतः बघितलंय.

निळे_पाकीट

केरळने कंत्राटदारानेच पैसा घालायचा आणि वर्षानुवर्षं वसूल करायचा ही पद्धत नाकारली. राज्याच्या मंडळाने स्वतः पैसा घालून मीटर घ्यायचं ठरवलं. म्हणजे दुसरा रस्ता नव्हता असं नाही.

दूरवरच्या आज्ञेचं म्हणाल तर उत्तर प्रदेशात १२ ऑगस्ट २०२० ला, ऐन जन्माष्टमीच्या संध्याकाळी, स्मार्ट मीटर असलेल्या लाखाहून जास्त घरांची वीज एका चुकीच्या आज्ञेने बंद पडली. थकबाकी नसलेल्यांचीसुद्धा. जुन्या काळी तोडायला निदान माणूस शिडी घेऊन यायचा, त्याच्याशी दारात भांडता तरी यायचं.

रीडिंगवाला

तो माणूस मी. शिडीवाला नाही, रीडिंगवाला. ११ वर्षं दारोदार फिरलो, मोबाईलवर फोटो काढायचा आणि पुढे. कुत्री चावली दोनदा. लोक म्हणतात तुम्ही घरी बसून रीडिंग टाकता. काही टाकायचे, खोटं नाही बोलत. घर बंद असलं की सरासरीचं बिल, मग तीन महिन्यांनी एकदम मोठा आकडा, शिव्या मला.

आता आमच्या भागात निम्मे मीटर स्वतःच रीडिंग पाठवतात. कंत्राटदाराने आमच्यातले सहा जण कमी केले. पुढच्या यादीत मी आहे. मीटर बरोबर की चूक त्यावर माझं काही म्हणणं नाही. या धाग्यात आमचं नाव कोणी काढलं नव्हतं म्हणून लिहिलं.

ओहमकार

दादा, तुमच्याबद्दल वाईट वाटतं, मनापासून. पण सरासरीच्या बिलाने लोक हैराण होते हे तुम्हीच सांगितलंत.

रीडिंगवाला

सांगितलं की. दोन्ही खरं आहे.

आइंडहोवनकर

नेदरलँड्सचं नाव निघालं म्हणून इथला अनुभव. सरकारला स्मार्ट मीटर सक्तीचे करायचे होते. २००९ मध्ये संसदेच्या वरच्या सभागृहाने अडवलं, आणि कारण बिल वाढतं हे नव्हतं. दर १५ मिनिटांचा वापर कळला की घरात माणसं किती वाजता उठतात, कधी गावाला जातात, सगळं कळतं, हे कारण होतं. मग कायदा बदलला. मीटर नाकारायची किंवा मीटर ठेवून त्याचं रीडिंग पाठवणं बंद करायची सोय दिली. त्यानंतर बहुतेकांनी निमूटपणे बसवून घेतला, मीसुद्धा. नाही म्हणायची मुभा मिळाली की माणूस हो म्हणायला तयार होतो, असा माझा अनुभव.

वऱ्हाडी_ठेचा

आणि इथं? २००३ च्या वीज कायद्यात कलम ४७ च्या पाचव्या पोटकलमात आहे, की ग्राहक प्रीपेड मीटरने वीज घ्यायला तयार असेल तर अनामत मागता येत नाही. 'तयार असेल तर'! म्हणजे निवड ग्राहकाची.

निळे_पाकीट

मी तुमच्याच बाजूचा आहे, पण हे अर्धंच. ते कलम प्रीपेडबद्दल आहे. पोस्टपेड मीटर कोणत्या बनावटीचा हवा हे निवडायचा हक्क त्यातून सरळ निघत नाही, आणि मीटरशिवाय वीज द्यायची नाही हे कलम ५५ मध्ये आहे. मोगराताई, 'नको' म्हणून भांडायला वकील लागेल. पण 'खात्री करून द्या' म्हणायला एक अर्ज पुरतो. फेब्रुवारी २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांतल्या दुरुस्तीनुसार, रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली की वीज कंपनीने ५ दिवसांत दुसरा मीटर जोडीला बसवायचा आणि किमान ३ महिने दोन्ही ताडून बघायचे. अर्जाची पोच घ्या, शिक्क्यासकट.

डाळ_तांदूळ

एवढं भांडताय तर मीही माझं घोडं दामटते. या टीओडी मीटरवर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ वीज वापरली तर जुलै २०२५ पासून युनिटला ८० पैसे सवलत सुरू झाली. दुपारी सौरऊर्जा मुबलक असते, म्हणून तेव्हा वापरा. कल्पना चांगली. पण अंघोळीचं पाणी सहाला तापतं, डबे साडेसातला निघतात, मग मीही निघते. घरी येते साडेसहाला.

वॉशिंग मशीनला टायमर लावून दुपारी चालवते. महिन्याला १५ वेळा, एका वेळेला अर्धं युनिट धरलं तर साडेसात युनिटं. वाचले ६ रुपये! त्यात कपडे तीन तास ओले पडून राहतात, वास येतो म्हणून परत खळबळायचे. घरी पिठाची चक्की चालवणारीला किंवा माझ्या सासूबाईंना फायदा होईल. कामावर जाणारीला नाही.

पेटीफ्यूज

मोगराताई, अर्ज कराच, पण आधी घरी तपासा. मीटरवर लिहिलेलं असेल किती लुकलुकीला एक युनिट. बहुतेक ३२०० असेल. घरातलं सगळं बंद करा, १००० वॅटची एकच वस्तू लावा. मिनिटाला ५३ च्या जरा वर लुकलुक व्हायला पाहिजेत. इस्त्री घेऊ नका, ती मधेच बंद होते. बादलीतला रॉड घ्या. पाच मिनिटं मोजा.

मिरजेची_मोगरा

रविवारी मिरजेला जाऊन केलं. मीटरवर ३२०० च आहे. सगळे स्विच बंद केले तरी दिवा अधूनमधून लुकलुकतच होता! शोधलं तर जिन्यातला बल्ब आमच्या मीटरवर. बाबांनी कधी काळी जोडून दिलेला, पूर्ण इमारत वापरते. शेजारच्या काकांसकट. तो काढला, मग रॉड लावला. मी मीटरपाशी, आई घड्याळ घेऊन. पाच मिनिटांत २३८. तुमच्या हिशेबाने २६७ व्हायला हवे होते. म्हणजे मीटर पळत नाही, उलट मागे पडतो?

ओहमकार

मीटरवरचं बटण दाबत राहिलं की व्होल्टेज दिसतं. किती आहे?

मिरजेची_मोगरा

आई आत्ताच बघून आली, २१७.

ओहमकार

रॉड १००० वॅटचा असतो तो २३० व्होल्टला. २१७ ला तो ८९० वॅटच घेतो. मोजा, पाच मिनिटांत २३७ येतात. तुमचे २३८. मीटर बरोबर आहे.

वऱ्हाडी_ठेचा

मीटर बरोबर आहे हे मी मानतो, आईच्या मोजणीला सलाम. पण माझा आक्षेप लुकलुकीवर नव्हता. झोपेतून उठवून ज्या कागदावर सही घेतली त्याची प्रत मागितली का?

मिरजेची_मोगरा

मागितली. खिडकीवरचा माणूस म्हणाला ती कंत्राटदाराकडे असते. कंत्राटदार कुठे बसतो ते त्याला माहीत नाही. लेखी मागणी देऊन आले, शिक्का घेतला. गेल्या मे पेक्षा ९ युनिट कुठून वाढले ते अजून कळलेलं नाही. जिन्यातला बल्ब आईने परत लावायला सांगितला. म्हणे रात्री कोणी पडलं तर?

पेटीफ्यूज

बल्ब राहू दे, पण एलईडीचा लावा. आणि आईंना सांगा, रॉड चालू असताना पाणी तापलं का हे बोट घालून बघायचं नाही.

मिरजेची_मोगरा

बघत होती हो! तुम्हाला कसं कळलं?