मदत हवी आहे: जुन्या नेटबुकवर पेनड्राइव्हवरून लिनक्स चढत नाही

करवंद

नमस्कार मंडळी,

बाबांचं २००९ मधलं नेटबुक आहे. दहा इंची, इंटेल ॲटम एन२७० प्रोसेसर, १ जीबी रॅम, १६० जीबी हार्डडिस्क, त्यावर विंडोज एक्सपी. बाबा निवृत्त शिक्षक. देवस्थानचा हिशोब, पत्रव्यवहार आणि स्वतःचं थोडं लिखाण, एवढंच काम त्यावर चालतं. नवीन घेऊन देते म्हटलं तर "हा चालतोय ना?" हे उत्तर ठरलेलं. एक्सपीचा पाठिंबा एप्रिल २०१४ मध्येच संपला. आता बँकेची साइट सोडाच, त्यावर साधी मेलसुद्धा उघडत नाही. म्हणून लिनक्सचा (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) घाट घातला.

भावाच्या विंडोज ११ लॅपटॉपवर डेबियनच्या (लिनक्सचाच एक प्रकार) मुख्य पानावरच्या बटणावरून आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल डिस्कची एका फाइलमधली प्रत, उतरवला (डेबियन १३) आणि रुफस या प्रोग्रामने १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहिला. भावाच्या लॅपटॉपवर त्याच पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर व्यवस्थित सुरू होतो, म्हणजे पेनड्राइव्ह ठीक असावा.

नेटबुकवर दोन अडचणी येतात. बायोसच्या (यंत्र चालू होताच आधी जागा होणारा मूळ प्रोग्राम) बूट यादीत, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं त्या यादीत, पेनड्राइव्ह कधी दिसतो, कधी गायबच. आणि दिसला, निवडला, डेबियनचा मेनूही आला, तरी 'इन्स्टॉल' दाबलं की काळ्या पडद्यावर ओळ येते: "धिस कर्नल रिक्वायर्स ॲन एक्स८६-६४ सीपीयू, बट ओन्ली डिटेक्टेड ॲन आय६८६ सीपीयू". पुढे काही नाही. बंद करून परत सुरू करावं लागतं.

पेनड्राइव्ह बदलून बघू का? की बायोस अपडेट करू? बाबा रोज विचारतात, म्हणून जरा घाई आहे.

गंजका स्क्रू

ताई, बायोस अपडेटच्या वाटेला अजिबात जाऊ नका. मध्येच वीज गेली तर आहे तेही जाईल. पेनड्राइव्हही बदलायला नको. मेनू आला याचा अर्थ बायोसने पेनड्राइव्ह वाचला, बूटलोडर (प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) सुरू झाला आणि त्याने कर्नलपर्यंत, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यापर्यंत, नेऊन सोडलं. नकार कर्नलने दिलाय, आणि कारणही स्पष्ट सांगितलंय: मी ६४-बिटचा, प्रोसेसर ३२-बिटचा (प्रोसेसर एका दमात किती मोठा आकडा हाताळतो, त्याचं हे माप).

एन२७० हा २००८ चा ॲटम, ३२-बिटच आहे. त्याचा भाऊ एन२८० पण तसाच. २०१० च्या सुरुवातीला आलेल्या एन४५० पासून नेटबुकांत ६४-बिट सुरू झालं. बाहेरून दोन्ही नेटबुकं सारखीच दिसतात, म्हणून घोळ होतो.

डेबियन १३ (ऑगस्ट २०२५) पासून ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच निघत नाही. उबुंटूने (लिनक्सचाच दुसरा प्रकार) तर डेस्कटॉपचा ३२-बिट आयएसओ २०१७ मध्येच, १७.१० या आवृत्तीला बंद केला. तेव्हा तुम्ही डेबियन १२ घ्या, आय३८६ (म्हणजे ३२-बिट) लिहिलेला, नेटइन्स्टॉल (बाकीचं सामान इन्स्टॉल करताना नेटवरून घेणारा). तो मुख्य पानावर नाही, जुन्या आवृत्त्यांच्या संग्रहात मिळेल. नावात एएमडी६४ असेल तर तो नको. तुमचा प्रोसेसर इंटेलचा असला तरी त्या नावाचा अर्थ ६४-बिट एवढाच.

बूट यादीचं बोलू. पेनड्राइव्ह आधी लावा, मग पॉवर दाबा. जुने बायोस पेनड्राइव्हला बरेचदा हार्डडिस्कच समजतात. त्यामुळे तो मुख्य बूट क्रमात न दिसता 'हार्ड डिस्क ड्राइव्ह्ज' नावाच्या उपयादीत दुसऱ्या नंबरला बसलेला असतो. तिथे त्याला पहिला करा. फास्ट बूट किंवा तत्सम काही चालू असेल तर बंद करा, त्यात यूएसबी तपासणं टाळलं जातं. आणि बायोसमध्ये घड्याळ काय दाखवतंय ते सांगा.

ओसरीवरचा

कशाला हा व्याप? हजार-पाचशे इकडे तिकडे करून जुना ६४-बिट लॅपटॉप मिळतो. किंवा विंडोज १० ची ३२-बिट आवृत्ती टाका, तिला कागदोपत्री १ जीबी रॅम पुरते.

गंजका स्क्रू

कागदोपत्री पुरते, हे बरोबर. प्रत्यक्षात एक ब्राउझर उघडा आणि चहा करून या. शिवाय विंडोज १० चा पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे एका बंद पडलेल्या विंडोजवरून दुसऱ्या बंद पडलेल्या विंडोजवर जायचं.

करवंद

घड्याळ दर वेळी १ जानेवारी २००९ दाखवतं! मी तारीख बदलते, चार्जर काढला की परत तेच. याचा संबंध आहे?

गंजका स्क्रू

आहे ना. मदरबोर्डवरचा छोटा सेल मेला आहे. नेटबुकची मुख्य बॅटरीही संपलेली असणार, म्हणून चार्जर काढला की बायोसच्या सगळ्या सेटिंग्ज पुसल्या जातात, तुम्ही ठरवलेला बूट क्रमसुद्धा. "कधी दिसतो, कधी गायब" त्यामुळेच. इन्स्टॉल होईपर्यंत चार्जर काढू नका. नंतर दुरुस्तीवाल्याकडून सेल बदलून घ्या. बहुतेक वेळा साधा सीआर२०३२ असतो, पण नेटबुकांत तो वायर जोडून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला सापडतो, दुकानातला सुटा सेल तिथे बसत नाही.

आणि ताई, बाबांना मेल न उघडण्याचं एक कारण हेही असू शकतं. घड्याळ २००९ मध्ये असलं की सुरक्षित साइट्सची प्रमाणपत्रं 'अजून सुरूच झाली नाहीत' असं ब्राउझरला वाटतं.

आंबेमोहोर

धागा हायजॅक करत नाही, पण माझ्याकडेही असंच छोटं यंत्र आहे, ॲटम झेड३७३५एफ, २ जीबी रॅम. ६४-बिट पेनड्राइव्ह यादीत दिसतच नाही. मग मीही ३२-बिट डेबियन घेऊ का?

गंजका स्क्रू

तुमचं दुखणं उलटं आहे. तुमचा प्रोसेसर ६४-बिट, पण आतलं यूईएफआय (बायोसची नवी पिढी) ३२-बिट. ते पेनड्राइव्हवर 'बूटआयए३२' नावाची ईएफआय फाइल शोधतं. बहुतेक ६४-बिट आयएसओंत फक्त 'बूटएक्स६४' असते, म्हणून पेनड्राइव्ह आहे हेच त्याला कळत नाही. वेगळा धागा काढा, तिथे बोलू. इथे मिसळलं तर करवंदताई तुमचा उपाय करून बसतील.

बोरू

जरा थांबा. हार्डडिस्क पुसण्याआधी एक विचारतो. बाबांचं लिखाण कोणत्या फॉन्टमध्ये आहे? २००९ च्या आसपासचं आणि एक्सपीवरचं, म्हणजे युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नसण्याचीच शक्यता जास्त.

तसं असेल तर फाइल्स पेनड्राइव्हवर घेतल्या तरी काम अर्धंच होईल. त्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात. फाइलमध्ये प्रत्यक्ष साठवलेलं असतं ते इंग्रजी अक्षरांचं कडबोळं, त्याला मराठी रूप देतो तो फॉन्ट. तो फॉन्ट दुसरीकडे नसेल तर इतक्या वर्षांचा हिशोब म्हणजे नुसती गिचमीड. म्हणून 'माय डॉक्युमेंट्स'बरोबर विंडोजच्या आतला 'फॉन्ट्स' फोल्डरही अख्खा उचला. नंतर लिनक्सवर ती फॉन्टची (टीटीएफ) फाइल टाकली की लिबरऑफिसमध्ये (वर्डसारखा फुकट प्रोग्राम) जुनी पत्रं जशीच्या तशी दिसतील. युनिकोडमध्ये सावकाश बदलत बसा, पण फॉन्ट हातचा जाऊ देऊ नका. देवस्थानांच्या आणि पतसंस्थांच्या जुन्या संगणकांवर हा प्रकार कितीतरी वेळा बघितलाय, आणि दर वेळी डिस्क पुसून झाल्यावर माणसं विचारायला येतात.

करवंद

बोरू, साष्टांग! बाबांना विचारलं. सगळं जुन्या फॉन्टमध्येच आहे, टाइपरायटरसारख्या कीबोर्डवर बडवलेलं. फोल्डर दोन ठिकाणी उतरवून ठेवला.

डेबियन १२ आय३८६ उतरवला. लिहिताना रुफस विचारतोय, आयएसओ मोड की डीडी मोड?

गंजका स्क्रू

डीडी घ्या. डेबियनचा इन्स्टॉलर स्वतःच्या फाइल्स सीडीसारख्या मांडणीत शोधतो. पेनड्राइव्ह बनवणारी काही साधनं ती मांडणी मोडतात, मग मध्येच 'सीडीरॉम सापडत नाही' अशी तक्रार येते. डीडीने प्रतिमा हुबेहूब उतरते. नंतर विंडोजला तो पेनड्राइव्ह ओळखीचा वाटणार नाही, फॉरमॅट करू का विचारेल. नाही म्हणा.

वाय-फाय इन्स्टॉलरमध्ये चाललंच तर उत्तम, डेबियन १२ पासून फर्मवेअर (चिप चालवायला लागणारा तिचा स्वतःचा प्रोग्राम) आयएसओतच असतं. पण ब्रॉडकॉम कंपनीच्या काही वाय-फाय चिपचं फर्मवेअर वाटण्याची परवानगीच नसल्याने ते त्यात नाही. अडलं तर मोबाइल यूएसबी केबलने लावून टेदरिंग (मोबाइलचं नेट संगणकाला देणं) सुरू करा, इन्स्टॉलर त्याला नेटवर्क कार्ड समजतो.

डेस्कटॉप (पडद्यावरची खिडक्या-मेनूंची मांडणी) निवडताना जड ग्नोमवरची खूण काढा, हलका एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई ठेवा. १ जीबीत ग्नोम म्हणजे छळ.

करवंद

खूप पुढे गेले! वाय-फाय अडलंच, टेदरिंगने झालं. सगळं उतरलं आणि अगदी शेवटी लाल पडदा: ग्रब (लिनक्सचा बूटलोडर) इन्स्टॉल होऊ शकत नाही, फेटल एरर. पहिल्यापासून करावं लागणार का?

गंजका स्क्रू

नाही नाही, तिथेच थांबा. बंद करू नका. ग्रब कुठे टाकायचा हे विचारलं तेव्हा यादीत पहिला काय होता? काही नेटबुकांवर पेनड्राइव्हला 'एसडीए' हे नाव मिळतं आणि आतली हार्डडिस्क 'एसडीबी' होते. ग्रब पेनड्राइव्हवर जायला बघतो, तिथे सीडीची मांडणी असते, म्हणून आपटतो.

मागे जा, इन्स्टॉलरचा मुख्य मेनू येईल. त्यातली फक्त ग्रबची पायरी परत चालवा. यादीत प्रत्येक डिस्कपुढे कंसात लांबलचक नाव असतं. 'यूएसबी'ने सुरू होणारा तुमचा पेनड्राइव्ह, 'एटीए'ने सुरू होणारी हार्डडिस्क. एटीए निवडा. एसडीए की एसडीबी या अक्षरांवर विसंबू नका.

करवंद

झालं!! पेनड्राइव्ह काढूनही सुरू झालं. घड्याळही नेटवरून आपोआप बरोबर झालं. जुना फॉन्ट टाकला, २०११ चं वर्गणीचं पत्र जसंच्या तसं उघडलं.

दोन शंका उरल्यात. फायरफॉक्स रडत रडत चालतो. आणि बाबांना नवीन मजकूर युनिकोडमध्ये लिहायचाय, पण बोटांना टाइपरायटरचीच सवय.

ओसरीवरचा

घ्या, मी उगाच लॅपटॉप विकायला निघालो होतो. रॅम २ जीबी करा. या चिपसेटला त्याहून जास्त चालत नाही, पण १ वरून २ चा फरक जाणवेल. जुन्या लॅपटॉपची डीडीआर२ पट्टी दुरुस्तीवाल्यांच्या खणात पडून असते. फायरफॉक्सनेही १४४ व्या आवृत्तीनंतर ३२-बिट लिनक्स सोडलंय. त्यामुळे डेबियनबरोबर येतो तोच ईएसआर (फायरफॉक्सची जास्त काळ पाठिंबा मिळणारी आवृत्ती) ठेवा. बँकेचं काम मात्र या यंत्रावर नकोच, ते मोबाइलवर.

बोरू

आयबस (वेगवेगळ्या भाषांत टाइप करू देणारा प्रोग्राम) आणि त्याचं एम१७एन पॅकेज (भाषांच्या कीबोर्ड मांडण्यांचा संच) टाका. मराठीच्या यादीत इनस्क्रिप्ट, फोनेटिक, गमभन (इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी) आणि रेमिंग्टन असे पर्याय दिसतील. बाबांना रेमिंग्टन द्या, ती टाइपरायटरचीच मांडणी. एखाद-दुसरं जोडाक्षर वेगळ्या जागी सापडेल, तेवढा एक कागद छापून शेजारी चिकटवा. फॉन्ट म्हणून लोहित देवनागरी डेबियनमध्येच आहे. तुम्हाला स्वतःला त्यावर काही लिहायचं असेल तर गमभन जोडीला ठेवा, कळफलकावरूनच अदलाबदल करता येते.